गुरुवारच्या रुखमा डॉक्टर

रुखमा डॉक्टर पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी त्याच्या चपलांकडे बघत. एखादा माणूस स्वतःच्या चपला घरी ठेवून पोराच्या मोठ्या मापाच्या घालून आलेला असे. एखाद्या बाईच्या सँडलचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला असे. माणूस स्टुलावर टेकायच्या आत डॉक्टरांचा प्रश्न यायचा, "पाय कवापासून सुजून राहिलेत?"

माणूस चमकून सोबतच्या नातेवाइकाकडे बघायचा. आपण अजून तोंड उघडलं नाही, मग यांना कुणी सांगितलं?

त्यानंतर डॉक्टर डबा मागायच्या. गावाकडून आलेल्या माणसाबरोबर फडक्यात बांधलेली भाकरी असतेच. ती सोडायला लावायच्या, भाजीचा एक घास तोंडात घालायच्या आणि डोळे बारीक करून विचारायच्या, "मीठ कुणी घातलं?" सोबत आलेली सून किंवा बायको लाजून पुढे व्हायची. मग तिची शाळा सुरू. हृदय थकलेल्या माणसाला मीठ म्हणजे अंगात पाणी साठवणं, हे त्या इतक्या परीनं समजावून सांगायच्या की पुढच्या खेपेला ती बाई आपण होऊन डबा उघडून दाखवायची. लोणचं सापडलं तर मात्र खैर नसे. ते जप्त व्हायचं आणि दुपारी आमच्या टेबलावर यायचं. त्यांना स्वतःला लोणच्याचं भारी वेड होतं.

मी त्या काळात हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होतो. पेशंटच्या घरची परिस्थिती बघायची, योजनांची कागदपत्रं मार्गी लावायची, मोठ्या शहरात पाठवलेल्या माणसाची तिथं सोय लावायची, हे माझं काम. डॉक्टर दर गुरुवारी आमच्याकडे हृदयाचे पेशंट तपासायला येत. बाकीचे दिवस त्यांचा गावात छोटा दवाखाना होता, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते 'गुरुवारच्या डॉक्टर'.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. आवाज असा की ओपीडीत बोलल्या तर फाटकाबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जावं. हा आवाज बापाकडून आला, असं त्या अभिमानानं सांगत. वडील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगाव ते हिंगोली प्रवासी जीप चालवत. गोरेगावच्या स्टँडवर उभं राहून "सेनगाव, सेनगाव, हिंगोलीऽ" असं ओरडणाऱ्या त्या माणसाची ही लेक आधी औरंगाबादेत डॉक्टर झाली, मग हृदयाची तज्ज्ञ झाली आणि पुढे हैदराबादेच्या एका मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं राहिली. तिथं त्यांचा विभाग वेगळाच होता. ज्याचं हृदय गोळ्या-औषधांना दाद देईनासं झालं, त्याला दुसऱ्याचं हृदय बसवायचं, की छातीत पंप बसवायचा, की यातलं काहीच करायचं नाही, हे ठरवणारा विभाग. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे. या माणूस पारखून देणाऱ्या.

तिथलं सगळं सोडून परत का आलात, असं मी एकदा विचारलं. त्या लोणच्याची फोड चोखत होत्या.

"भाऊ, आपल्या हिंगोलीकडून, वाशीमकडून, परभणीकडून पेशंट यायचे तिथं. येईपर्यंत किडनी बसलेली, लिव्हर गेलेलं. मी आपली एसीत बसून 'उशीर झाला, उशीर झाला' म्हणून राहिले होते. एक दिवस वाटलं, हा उशीर जिथून सुरू होतो तिथंच जाऊन बसावं."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

त्यांची पारख कशी चाले हे मी अनेक गुरुवार बघितलं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, किडनी, लिव्हर, दातसुद्धा. दातात पू असेल तर नव्या हृदयाला घात व्हायचा, म्हणून पहिल्यांदा दात. मग पेशंटला व्हरांड्यात चालवायचं. ही चाचणी सगळीकडे असते, माणूस ठरलेल्या वेळात किती लांब जातो ते मोजतात. पण आमच्या डॉक्टर घड्याळ सिस्टरच्या हातात देऊन स्वतः पेशंटच्या शेजारून चालत. चालता चालता गप्पा. सोयाबीन कसं हाय, हळद काढली का, पोरीचं कुठं जमलं का. माणूस उत्साहानं सांगायला लागायचा आणि एका ठिकाणी त्याचं वाक्य तुटायचं. डॉक्टर ती जागा मनात टिपून ठेवत. मला एकदा म्हणाल्या, "दम लागलाय हे पेशंट लपवतो, भाऊ. बाप्ये तर लईच लपवतात. पण हळदीचं सांगताना लपवता येत न्हाई."

आणि सगळं झाल्यावर, शेवटी, एक प्रश्न. तो कुठल्या पुस्तकात नसावा. पेशंटला समोर बसवून त्या विचारत, "समज, तू बरा झालास. सकाळी उठलास. पयलं काम काय करशील?"

लोक काहीबाही सांगत. कुणी म्हणे म्हशीची धार काढीन, कुणी म्हणे शाळेत जाऊन पोरांच्या हजेऱ्या घेईन. एक म्हातारी म्हणाली, "जावेशी भांडीन. दोन वर्षं झाली, दम पुरंना." डॉक्टर टेबलावर हात मारून हसल्या होत्या. "हिचं जमतंय बघा," असं माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला सुरुवातीला तो प्रश्न गमतीचा वाटे. तो गमतीचा नव्हता, हे पुढे कळलं.

एकदा सेनगावकडचे एक मोठे जमीनदार आले. बाबाराव म्हणू. दोन गाड्या, चार पुतणे, मागे पदर सावरत बायको. अंगावर परीटघडीचे कपडे आणि ओठ निळे पडलेले. पुतण्यानं आधीच जाहीर केलं की काका खर्चाला मागं हटणार नाहीत, हैदराबादला नवीन हृदय बसवायचं, चिठ्ठी तेवढी द्या.

डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "दारू रोज की अधूनमधून?"

बाबारावांनी पुतण्याकडे बघितलं. बायको म्हणाली, "रोज." एवढा एक शब्द बोलायला त्या बाईला केवढं बळ लागलं असेल.

"दारू सुटल्याबिगर मी तुमचं नाव पुढं पाठवणार न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. "काही महिने एक थेंब नको. मग या."

बाबाराव उसळले. धाप लागत असतानाही उसळले. "तुमी कोण ठरवणार? गोरेगावच्या जीपवाल्याची पोर ना तुमी?"

डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "व्हय. त्याच जीपवाल्याची. पिऊन आलेल्या माणसाला माझा बाप पुढच्या सीटवर बसू देत नव्हता. मग त्यो पाटील असो की कुणी." आणि मग आवाज खाली आणून, "बाबाराव, ते काळीज दुकानात मिळत न्हाई. कुणाच्या तरी घरातलं माणूस जातं. त्या घरचे लोक रडत रडत हो म्हणतात, तवा ते मिळतं. ते मी घेऊन बाटलीत घालू का?"

बाबाराव उठून गेले. बायको दारात थांबली. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, औषधं समजावून सांगितली, दारू सोडवणाऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला आणि पाठीवर हात ठेवला. ती बाई पत्त्याची चिठ्ठी मुठीत धरून गेली.

पुढच्या हिवाळ्यात बाबाराव परत आले. एकच गाडी. वाळलेले, पण ओठांचा रंग माणसासारखा. डॉक्टरांनी इको लावला. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. दारूनं सुजलेलं हृदय दारू थांबल्यावर कधीकधी सावरतं, तसं ते सावरलं होतं.

"तुमाला नवीन लागत न्हाई आता," त्या म्हणाल्या. "तुमचं जुनंच चालू लागलंय."

बाबाराव म्हणाले, "म्हंजे? मग मी एवढी सोडली ती काहून?"

सिस्टर हसली, पुतण्या हसला, शेवटी बाबाराव स्वतः हसले. न हसता उभी होती ती त्यांची बायको. ती डोळ्याला पदर लावून उभी होती. त्या थंडीत बाबारावांनी साऱ्या ओपीडीला पुरेल एवढा हुरडा पाठवला. डॉक्टरांनी तो पेशंटांना वाटला, आणि प्रत्येकाला बजावलं, "मीठ लावू नका."

पण सगळ्या गोष्टी अशा हसत संपत नसत. नरसीला देवळाच्या रस्त्यावर फुलं-नारळाचं दुकान चालवणारे एक तात्या होते. ऐंशीच्या घरातले. दोन मुलं पुण्यात, शिकलेली, कमावती. त्यांनी कुठंतरी छातीत पंप बसवण्याबद्दल वाचलं होतं आणि वडिलांना तो बसवायचाच, असं ठरवून ती आली होती. डॉक्टरांनी तात्यांची तपासणी केली. किडनी थकलेली, अंगात मांस उरलेलं नाही. ऑपरेशनच्या टेबलावरूनच ते परत आले नसते.

ही गोष्ट त्यांनी ओपीडीत सांगितली नाही. "अशी गोष्ट टेबलाच्या पल्याडून सांगू नये," म्हणाल्या आणि मला घेऊन नरसीला गेल्या. दुकानाच्या मागेच घर. तात्या उशांना टेकून बसले होते, कारण आडवं झालं की त्यांचा जीव घुसमटायचा. दोन्ही मुलं समोर. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मुलांना सोडून थेट तात्यांना म्हणाल्या, "तात्या, पोरं म्हणतात मशीन बसवा. तुमाला काय पाहिजे?"

तात्या म्हणाले, "मला आडवं झोपायचंय, बाई. अन् सकाळी दुकानात बसायचंय. दुसरं काय न्हाई."

"तेवढं मी करू शकते. मशीनचं न्हाई जमणार. ते तुमच्या अंगाला झेपणार न्हाई."

तात्यांनी मान हलवली. त्यांना कळलंच होतं. मोठ्या मुलाला ते झेपलं नाही. "म्हणजे तुम्ही हात वर केले," तो म्हणाला.

"न्हाई बाबा. उलट आता इथून पुढं मीच जास्त येणार हाय."

आणि त्या आल्या. महिन्यात दोनदा-तीनदा, आपल्या गाडीतून, कधी मला घेऊन कधी एकट्या. गोळ्या कमीजास्त करत, पाय दाबून बघत. तात्या आडवे झोपू लागले. दुकानात बसू लागले. भाविकांना नारळ देताना त्यांच्या हाताला थरथर असे, पण ते बसत. गेले तेही दुकानातल्या गादीवरच, ऊन खात. मोठा मुलगा पुण्याहून आला, दिवसकार्य झालं आणि जाताना हिंगोलीला उतरून दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याला चहा दिला. दोघांनी चहा घेतला आणि तो गेला. पेशंट गेल्यावर डॉक्टर दिवसभर कामापुरतं बोलत. मोठ्या आवाजाची बाई हळू बोलायला लागली की साऱ्या दवाखान्याला कळायचं.

आता नाझनीनचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय डॉक्टर पूर्ण होत नाहीत.

नाझनीन हिंगोलीचीच. नवरा सलीम शिलाईकाम करायचा, सासू खैरुनबी, आणि मांडीवरची मुलगी. त्या बाळंतपणातच नाझनीनचं हृदय फुगलं आणि ढिलं पडलं. काही बायकांना असं होतं, आणि बऱ्याचजणी त्यातून सावरतात. नाझनीन सावरली नाही. डॉक्टरांनी जवळजवळ वर्षभर सगळे उपाय केले. शेवटी ती खाटेवरून न्हाणीघरापर्यंत चालेना. दुसरं हृदय हाच मार्ग उरला होता, आणि वय, किडनी, लिव्हर, सगळं त्यासाठी अजून ठीक होतं. सलीमनं मशीन बंद करून दुकानाला कुलूप घातलं होतं. योजनेतून, लोकांकडून, नातेवाइकांकडून सोय लागली. हैदराबादला नाव पाठवायचं तेवढं बाकी.

त्या गुरुवारी डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि आपला प्रश्न विचारला. "नाझनीन, बरी झालीस. सकाळी उठलीस. पयलं काम काय करशील?"

नाझनीननं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मेरेकू नक्को, डॉक्टर."

सलीमनं कपाळावर हात मारला. "घाबरली ती, मॅडम. तुम्ही पाठवा. मी सांगतो ना."

"न्हाई पाठवणार," डॉक्टर म्हणाल्या. "हिला नको असेल तर न्हाई."

सलीम रडायच्या बेताला आला. मलाही डॉक्टरांचा राग आला. दिवस हातातून चालले होते. एका घाबरलेल्या पोरीच्या शब्दावर सगळं अडवून धरायचं? मी तसं बोललोही. डॉक्टर म्हणाल्या, "भाऊ, ऑपरेशन झालं की जन्मभर रोज गोळ्या घ्यायच्यात. एक दिवस चुकून चालत न्हाई. ते सलीम घेणार हाय का? तिचं तिनंच घ्यायचंय. तिला काहून नको ते कळल्याबिगर माझी तपासणी पुरी न्हाई."

त्यांनी सलीमला आणि खैरुनबीला बाहेर बसवलं. मलाही बाहेर जायला लावणार होत्या, पण नाझनीनच म्हणाली, "भाऊंना राहू द्या." म्हणून मी कोपऱ्यात राहिलो.

डॉक्टर काही विचारेनात. शेवटी नाझनीननं आपण होऊन विचारलं, "ज्याचं दिल मला बसवाल, त्याच्या घरच्यांची याद मला येईल का?"

दुसरं कुणी हसलं असतं. डॉक्टर हसल्या नाहीत. "न्हाई येणार. पण तू काढ त्यांची याद. काढायलाच पाहिजे."

नाझनीनचा खरा प्रश्न याच्या मागे होता. "माझं दिल काढून टाकाल. या दिलानं माझ्या पोरीवर जीव लावला. ते गेल्यावर ती मला परकी वाटली तर? तशीही ती दादीकडंच जाते. मला तिला उचलता येत नाही. मग मी परत कशाला येऊ?"

रुखमा डॉक्टर उठल्या. तिला हाताला धरून इकोच्या खाटेवर निजवलं आणि मशीनचा पडदा तिच्याकडे फिरवला. पडद्यावर तिचं हृदय दिसू लागलं. मोठं, ढिलं, कसंबसं हलणारं.

"हे बघ. हे तुझं. बघ किती दमून हलतंय. पोरीवर जीव यानं न्हाई लावला, बाई. जीव तू लावलास. हे नुसतं पाणी ओढायच्या मोटरीसारखं रगत ओढतं. तुझी पोर तू डोळ्यांनी ओळखतेस, कानांनी ओळखतेस, ती तुझ्या डोक्यात बसलीय. तिथं कुणी हात लावणार न्हाई. यानं तुझी चाकरी केली. बाळंतपणातबी बंद पडलं न्हाई. आता याला सोड."

नाझनीन पडद्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. आपल्याच हृदयाकडे बघून ती हळूच म्हणाली, "बेचारा."

मग डोळे पुसले आणि म्हणाली, "उठून पहिलं काम पोरीचे केस बांधीन. दादी घट्ट बांधते. ती रडते."

डॉक्टर वळून खिडकीपाशी गेल्या आणि उगाच पडदा सारखा करत राहिल्या.

तरी वाट सरळ नव्हती. हैदराबादला मानेच्या शिरेतून नळी घालून फुप्फुसातला दाब मोजला, तो फार निघाला. एवढ्या दाबापुढे नवं हृदय टिकणार नाही, म्हणून तिथल्या मंडळानं नाव थांबवलं. सलीमचा रडत फोन आला. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आगगाडीनं हैदराबादला गेल्या. तिथं काय बोलल्या ते मला त्यांच्याकडून कळलं नाही, सलीमकडून कळलं. त्या भांडल्या नाहीत. औषधांनी दाब उतरवून पुन्हा मोजा, एवढंच त्यांनी मागितलं, आणि तो उतरेल असं का वाटतं ते आकड्यांनिशी मांडलं. सलीम म्हणाला, "सगळे इंग्रजीत बोलत होते. मॅडमपण. पण मध्येच त्या एकदम म्हणाल्या, 'ही पोरगी तयार हाय.' मराठीतच. अन् मोठ्या डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली."

दाब उतरला. नाव लागलं. इस्पितळाजवळ खोली घेऊन ती माणसं थांबली. अनेक आठवडे काहीच नाही, आणि मग एका भल्या सकाळी, खैरुनबी कपडे वाळत घालत असताना, बोलावणं आलं. कुठल्या तरी घरानं आपलं माणूस गेल्यावर होकार दिला होता.

डॉक्टर त्या दिवशी आमच्याकडे ओपीडीत होत्या. फोन टेबलावर उताणा. एरवी पेशंट बघताना त्या फोनला हात लावत नसत. त्या दिवशी प्रत्येक पेशंटनंतर बघत होत्या. उन्हं कलायला लागली तेव्हा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, ऐकलं, "हां, हां" केलं आणि उठून व्हरांड्यात गेल्या. आणि तिथून, गोरेगावच्या स्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सुरू झालंऽ!"

व्हरांड्यात बसलेल्या लोकांना काय सुरू झालं ते ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरांचा चेहरा बघून एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. बाळ दाखवायला आलेल्या बायका, प्लास्टर घातलेली माणसं, वॉर्डातल्या सिस्टर, सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो. इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढली, पण आपण या इमारतीत काम करतो याचा मला जितका अभिमान त्या दुपारी वाटला, तितका आधी कधी वाटला नव्हता.

नाझनीन बऱ्याच महिन्यांनी हिंगोलीला परतली. स्टेशनवर आम्ही गेलो होतो. तोंडाला मास्क, अंगावर नवी ओढणी, आणि गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरली. मुलगी आता चालू लागली होती. ती मास्क बघून, मधल्या काळात तिला सांभाळणाऱ्या सलीमच्या मामीच्या मागे लपली. नाझनीननं तिला ओढलं नाही. जरा दूर उकिडवी बसली आणि तिच्या नावानं एक लाडाची हाक मारली. मुलीनं मान बाहेर काढली. आवाज ओळखला. मग हळूहळू, मामीला पदर धरून ओढत, आईकडे आली. खैरुनबी तोंड फिरवून उभी राहिली. डॉक्टर म्हणाल्या, "चला, इथं लई गर्दी हाय, नाझनीनला इन्फेक्शन होईल," आणि सगळ्यांना रागावू लागल्या.

त्यानंतर आमच्याकडून आणखी पेशंट हैदराबादला गेले, नागपूरला गेले. काही परत आले, काही नाही. तिथल्या एका सर्जननं मला फोनवर एकदा सांगितलं, "हिंगोलीहून पेशंट आला की आम्हाला अर्धं काम कमी असतं. दातांचे उपचार झालेले असतात, व्यसन सुटलेलं असतं, घरच्यांना सगळं माहीत असतं. तुमच्याकडे आहे कोण एवढं?" मी नाव सांगितलं. सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, अर्धं काम कमी झालं असेल तर उरलेल्या वेळात आपले दोन पेशंट जास्त घ्या."

माझी बदली व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. कनेरगाव नाक्याच्या एका तरुण पोराला रस्त्यावर अपघात झाला. वैभव नाव. धाब्यावर कामाला होता. मोठ्या शहरात नेलं, पण मेंदू गेला होता. तिथल्या लोकांनी आईवडिलांना अवयवदानाचं विचारलं आणि त्यांनी होकार दिला. बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा मला वाटलं, डॉक्टर ताबडतोब तिकडे जातील. त्या गेल्या नाहीत. फोनसुद्धा केला नाही.

"काहून?" मी विचारलं.

"मी मागणाऱ्यांतली हाय, भाऊ. त्या वेळी मी तिथं जाणं बरं न्हाई. त्यांना वाटंल, हिच्या पेशंटासाठी मागून राहिलेत."

तेरावा होऊन गेल्यावर मात्र एका सकाळी म्हणाल्या, "चला." आम्ही नाक्याच्या पुढे शेतातल्या घरी गेलो. वैभवची आई, सुभद्राबाई, उंबऱ्यात तूर निवडत होती. डॉक्टरांपेक्षा वयानं बरीच लहान. मी ओळख करून दिली. डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या आणि सुपातली तूर ओढून घेऊन निवडायला लागल्या. दोघी निवडत होत्या. मी अंगणात वैभवच्या वडिलांपाशी बसलो.

मग सुभद्राबाईनं विचारलं, "कुणाला दिलं त्याचं काळीज?"

"मला माहीत न्हाई, माय. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

"चालतंय ना पण?"

"चालतंय. मी विचारून घेतलं. तेवढं सांगितलं त्यांनी. ज्यानं घेतलं, त्याला आता दम लागत न्हाई."

सुभद्राबाईचे हात थांबले. तिनं वर बघितलं. "लोक मला बोलले," ती म्हणाली. "पोराला कापायला दिलं म्हणाले. पण माझ्या पोराचं मोठं होतं काळीज. धाब्यावर कुणी उपाशी आलं तर स्वतःची भाकर द्यायचा. मला वाटलं, त्यो असता तर हो म्हणला असता." हे बोलताना तिची मान खाली नव्हती.

डॉक्टरांनी सूप खाली ठेवलं. निघायची वेळ झाली तशी त्या उठल्या, साडी झटकली आणि वाकून त्या बाईच्या पायांना हात लावला. सुभद्राबाई दचकून मागे सरली. "अगंबाई, हे काय? तुमी डॉक्टर. वयानंबी मोठ्या."

"राहू द्या," रुखमा डॉक्टर म्हणाल्या.

त्या सरळ झाल्या आणि कुणाकडे न बघता बांधावरून गाडीकडे चालू लागल्या. सुभद्राबाई त्यांच्या मागून आली, गाडीपाशी त्यांना गाठलं आणि निवडलेल्या तुरीतली ओंजळभर त्यांच्या पदरात घातली. डॉक्टरांनी पदराला गाठ मारली. दोघी क्षणभर एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. वाशीमच्या रस्त्यावरून ट्रक जात होते. माझ्या डोळ्यांसमोर आजही त्या तिथंच उभ्या दिसतात.